गॅलरीतली धूळ आणि डॅशबोर्डवरचा आकडा : पुण्यातलं एक प्रकरण

या टिपणाबद्दल

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या तीन विभागांनी मिळून केलेल्या कामाची ही हकीकत आहे. कॉलेज, सोसायटी, प्लांट आणि माणसं यांची नावं काढली आहेत. ठिकाण 'पश्चिम पुण्यातलं वाढतं उपनगर' एवढंच ठेवलं आहे. मोजमापांचे प्रत्यक्ष आकडेही दिलेले नाहीत, कारण त्यांवरून जागा ओळखू येईल. शिवाय कोणत्या टप्प्यावर कोणी काय ठरवलं, यावरच इथे सगळं अवलंबून होतं. मी पीएच.डी.च्या कोर्सवर्कला संशोधन पद्धती शिकवतो. या गटात मी नव्हतो. काम अडल्यावर झालेल्या बैठकांना बोलावलं म्हणून बसलो, आणि नोंदवह्या व पत्रव्यवहार नंतर वाचायला मिळाला.

पार्श्वभूमी

टॉवर उभे राहतात तिथे आरएमसी प्लांटही येतात, म्हणजे तयार काँक्रीट बनवून मिक्सरमधून पाठवणारे कारखाने. या उपनगरात सोसायटी आधी आली की प्लांट, यावर दोन्ही बाजूंचं वेगवेगळं म्हणणं आहे आणि दोघांकडेही कागद आहेत. सोसायटीची कंपाउंड भिंत, मग एक वळणाचा रस्ता आणि पलीकडे प्लांटचं गेट. प्लांटच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आहे. तिथे बांधकामावरची आणि काही प्लांटवरचीच कुटुंबं राहतात. ही वस्ती पहिल्या आराखड्यात कुठेच नव्हती. ते पुढे येईल.

सोसायटीची तक्रार जुनी. गॅलरीत पांढुरका थर, वाळत घातलेले कपडे खरखरीत, गाड्यांच्या काचा रोज पुसाव्या लागतात, मुलांना खोकला. अर्ज गेले होते, पोच मिळाली होती आणि 'पाहणी करण्यात येईल' असं उत्तरही आलं होतं. कमिटीतल्या एकाचा भाचा त्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होता. स्वस्त सेन्सरचं जाळं उभारून हवा मोजायची, हा त्याच्या गटाचा बी.ई. प्रोजेक्टचा विषय. सेन्सर लावायला गच्च्या हव्याच होत्या आणि सोसायटीला आकडे हवे होते, त्यामुळे सोयरीक चटकन जुळली.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी पर्यावरणशास्त्राच्या मॅडमना बरोबर घेतलं आणि समाजकार्य विभागातल्या एक प्राध्यापिका आरोग्याच्या प्रश्नावलीसाठी आल्या. तीन विभाग म्हटल्यावर कॉलेजने सीड मनीही, म्हणजे सुरुवातीचा निधी, दिलं. आंतरविद्याशाखीय या शब्दाला कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीत वजन आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात वावगं काही नाही, पण तीन विभाग एका प्रस्तावावर सही करतात तेव्हा तिघांच्या मनातला प्रश्न एकच असतो असं नाही. इथे तो नव्हता. सरांना जाळं चालवून दाखवायचं होतं, मॅडमना हवेची गुणवत्ता बघायची होती, सोसायटीला प्लांट हलवायचा होता. समाजकार्यच्या बाईंना लोक काय म्हणतात ते ऐकायचं होतं, आणि तेव्हा त्यांना फारसं कोणी विचारलं नव्हतं.

मोजायचं काय, यावर पहिल्या बैठकीत चर्चाच झाली नाही. सेन्सर पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवतो, म्हणून पीएम २.५. त्याला आधारही होता. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' यंत्रणा शहरातल्या अनेक ठिकाणांचे हेच आकडे देते, त्यामुळे तुलना करता येते. देशातलं मानकही ठरलेलं आहे. २००९ च्या अधिसूचनेनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीची ४०. पीएम १० साठी, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, हेच आकडे १०० आणि ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी सुचवलेले आकडे त्याहून बरेच खाली आहेत, २४ तासांना १५ आणि वर्षाला ५. प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर हे सगळं व्यवस्थित मांडलं होतं. गॅलरीत साचणारी पांढरी धूळ पीएम २.५ असते का, हा प्रश्न मात्र कोणत्याच पानावर नव्हता.

पेच कसा तयार झाला

हिवाळ्याच्या सुरुवातीला सेन्सर लागले. मुलांनी डॅशबोर्ड बनवला आणि त्याची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. हिरवा, पिवळा, लाल असे रंग मिनिटामिनिटाला बदलायचे. थंडी वाढल्यावर एके दिवशी पहाटे आकडा लाल पट्ट्यातही वरच्या टोकाला गेला. कोणीतरी स्क्रीनशॉट काढला, त्यावर प्लांटचा फोटो चिकटवला आणि ते चित्र आजूबाजूच्या सोसायट्यांत फिरलं. सेक्रेटरींनी मॅडमना फोन केला : कॉलेजच्या लेटरहेडवर आकडे द्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाला जोडायचे आहेत. सोसायटीतल्या एका वकिलांचं म्हणणं त्याहून पुढचं होतं. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, थेट तिथे जाऊ. कायद्यात तक्रारीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकायला नको.

त्याच आठवड्यात प्लांटच्या मॅनेजरांनी मॅडमना चहाला बोलावलं. त्या सरांना घेऊन गेल्या. मॅनेजरांनी टेबलावर लॅपटॉप फिरवून धरला. "मॅडम, तुमचाच डॅशबोर्ड बघा. रात्री गेटला कुलूप, आणि आकडा सगळ्यात वर. दुपारी मिक्सरमागून मिक्सर सुटतोय, आणि आकडा खाली. आता धूळ कोणाची ते तुम्हीच सांगा."

त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. सगळ्या सेन्सरचा आलेख पहाटे चढायचा, ऊन वर आलं की उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा थोडा वर जायचा. प्लांटच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ नव्हता. असं का व्हायचं, हे या प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून थोडं थांबून बघू.

पुण्यात हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि जमीन रात्री झपाट्याने थंड होते. जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वरची हवा त्यापेक्षा उबदार राहते, आणि खालचा धूर वर जाऊ शकत नाही. शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा, हायवेवरच्या रात्रीच्या ट्रकचा धूर हे सगळं तिथेच कोंडतं. ऊन तापलं की थर मोडतो. पहाटेचा लाल रंग मुख्यत्वे याचा होता. त्यात भर दमटपणाची. हे स्वस्त सेन्सर आत ओढलेल्या हवेवर लेसरचा झोत टाकतात आणि कणांवरून किती उजेड विखुरतो त्यावरून वजनाचा अंदाज करतात. हवेतली आर्द्रता वाढली की कण पाणी धरून फुगतात, जास्त उजेड विखुरतात, आणि यंत्र आकडा चढवून सांगतं. धुक्याच्या पहाटे याचा परिणाम मोठा असतो. प्रमाणित यंत्रात हवा आधी कोरडी करतात किंवा फिल्टरवर कण गोळा करून वजन करतात. काही हजारांच्या सेन्सरमध्ये ती सोय नसते.

दुसरी गोष्ट सोसायटीच्या दृष्टीने जास्त अडचणीची होती. सिमेंटचे बरेचसे कण अडीच मायक्रॉनपेक्षा मोठे असतात. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि खडीची धूळ तर आणखी जाड. या जातीचे सेन्सर जाड कणांना जवळजवळ आंधळे असतात. पडद्यावर पीएम १० असा आकडा येतो खरा, पण त्यातला जाड कणांचा भाग यंत्राने मोजलेला नसतो, बारीक कणांवरून अंदाजाने काढलेला असतो. म्हणजे ज्या धुळीची तक्रार होती तीच यंत्राला दिसत नव्हती. जे दिसत होतं ते बहुतांशी धुराचं होतं, आणि त्यातला काही भाग सोसायटीच्या स्वतःच्या गेटवर तयार होत होता.

लेटरहेडवर ते आकडे गेले असते तर प्लांटच्या सल्लागाराने एका परिच्छेदात तक्रार निकाली काढली असती. वर 'कॉलेजच्या अभ्यासानुसार' असंही लिहिलं असतं.

समोर असलेले पर्याय

मॅडमनी बैठक बोलावली. तोवर गटात तट पडले होते.

सरांचं म्हणणं होतं की सेन्सर प्रमाणित यंत्राशेजारी महिनाभर ठेवू, दुरुस्तीचं समीकरण काढू आणि मग आकडे देऊ. पद्धत म्हणून हे योग्यच आहे, आणि त्यातून एक चांगला पेपरही निघतो. पण दमटपणाचा फुगवटा समीकरणाने काढता येतो. जो कण यंत्राने पाहिलाच नाही तो कोणत्याही समीकरणातून परत येत नाही. मॅडमनी हे मांडल्यावर सर बराच वेळ गप्प होते. विद्यार्थ्यांचं सबमिशन उन्हाळ्यात होतं. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांना चालणारं जाळं दाखवायचं. प्रश्न मध्येच बदलला तर मुलांचं वर्ष अडकेल ही त्यांची भीती खोटी नव्हती.

आकडे जसे आहेत तसे, खाली मर्यादा लिहून द्यावेत, असाही एक पर्याय होता. सेक्रेटरी त्यासाठी अडून बसले. "आम्ही गच्च्या दिल्या, वीज दिली, वायफाय दिलं. आकडे आमचेच ना?" या प्रश्नाचं लेखी उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण सुरुवातीला करार झालाच नव्हता. नैतिकदृष्ट्या त्यांचा हक्क आहे असं मला तेव्हाही वाटत होतं. पण स्क्रीनशॉटवरची तळटीप पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडते, हे सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

काहीच द्यायचं नाही, पेपर छापून आल्यावर बघू, हा विद्यापीठीय मार्ग. कोणी उघडपणे सुचवला नाही, पण बैठकीत त्याचा वास होता. पेपर यायला वर्ष गेलं असतं, आणि लोकांनी पुढच्या वेळी कॉलेजला गच्ची दिली नसती.

मॅडमचा प्रस्ताव चौथा होता. सेन्सर प्रोजेक्टपुरते चालू राहू द्या. तक्रारीसाठी धूळच मोजू, आणि ती जुन्या पद्धतीने. त्याचबरोबर ती धूळ नेमकी कुठून उठते हेही बघू. नाहीतर जास्त धूळ आहे एवढं सिद्ध करून पुढे काय करणार?

वकिलांच्या मुद्द्यावर मी एक बाजू मांडली. हवा प्रदूषण कायदा, १९८१ च्या कलम २६ मध्ये उत्सर्जनाचा नमुना कोणी आणि कशा रीतीने घ्यायचा हे ठरवून दिलेलं आहे. ती रीत पाळली नसेल तर त्या विश्लेषणाला न्यायालयीन कामकाजात पुरावा म्हणून जागा नाही. कॉलेजचे आकडे कितीही चांगले असले तरी ते त्या अर्थाने पुरावा होणार नव्हते. ते अधिकाऱ्याला नेमकं कुठे बघायचं हे सांगू शकत होते. त्यासाठी सूक्ष्म अचूकतेपेक्षा जागा आणि वेळ यांची माहिती उपयोगी. या वळणावर बैठकीचा सूर बदलला, आणि सरही मॅडमच्या प्रस्तावाला तयार झाले. मुलांचा प्रोजेक्ट वेगळा ठेवायचा आणि त्यातच 'या सेन्सरला काय दिसत नाही' हे प्रकरण जोडायचं, अशी वाटणी ठरली.

प्रत्यक्षात काय केलं

सगळ्यात आधी डॅशबोर्ड बंद झाला. सोसायटीच्या ग्रुपवर यावर जो गदारोळ झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. 'मॅनेज झाले' हा शब्द दोनदा आला. मॅडम स्वतः जाऊन क्लबहाऊसमध्ये बसल्या, गॅलरीतली धूळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. सेन्सरला किती जाडीपर्यंतचे कण दिसतात ते शेजारी रेघ मारून दाखवलं. जाड कण रेघेच्या कितीतरी पलीकडे होते. चिडलेल्यांपैकी निम्मे तिथेच शांत झाले. हे प्रात्यक्षिक सगळं मिळून एका संध्याकाळचं काम होतं.

मग बरण्या. धूळपात मोजायची पद्धत फार जुनी आहे आणि भारतीय मानकांच्या आयएस ५१८२ या मालिकेत ती आहे. ठरलेल्या तोंडाच्या बरणीत डिस्टिल्ड पाणी घालून ती उघड्यावर महिनाभर ठेवायची, मग गाळून, वाळवून, वजन करायचं. उत्तर चौरस मीटरला महिन्याला किती ग्रॅम असं येतं. प्रयोगशाळेत चांगला तराजू असला की पुरे. अडचणी सगळ्या प्रयोगशाळेबाहेरच्या. पारव्यांनी दोन बरण्या पहिल्याच आठवड्यात बाद केल्या, मग वर तारेचं कडं बसवलं. पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून थोडा मोरचूद घालायची रीत आहे. पण त्यातलं तांबं कॅल्शियमच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे ते मोजायच्या रासायनिक चाचणीत, लुडबूड करतं आणि इथे कॅल्शियम मोजायचं होतं. म्हणून मोरचूद टाळला आणि बरण्या बाहेरून काळ्या कागदाने गुंडाळल्या. पाणी आटलं की पुन्हा भरायचं. हे काम एम.एस्सी.च्या दोन मुलींनी केलं.

कॅल्शियम कशासाठी? साध्या सिमेंटमध्ये कॅल्शियम ऑक्साइड साधारण ६० ते ६७ टक्के असतं. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते दहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे खडीची धूळ आणि सिमेंट वेगळं काढायला काहीतरी धागा मिळतो. धागाच, पुरावा नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, आणि शेजारी प्लॅस्टरचं काम चालू असेल तर तेही यात मिसळतं. म्हणून मॅडमनी प्लांटमधली क्रश सँड, खोदाईची माती, रस्त्यावर वाळलेला राखाडी चिखल असे नमुने वेगळे घेऊन ठेवले. प्लांटने नमुने दिले, हे मुद्दाम नोंदवतो. मॅनेजरांना आपण निर्दोष ठरू अशी खात्री होती.

मुलांनी गच्चीवर वाऱ्याची दिशा नोंदणारं यंत्र बसवलं. पीएम १० साठी विभागातला रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर आणला. त्याचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा आणि तो २४ तास चालवायचा. पहिल्याच रात्री वरच्या मजल्यावरून तक्रार आली, आणि पुढचं सॅम्पलिंग पाण्याच्या टाकीच्या आडोशाला झालं. या यंत्राचे दिवस फार थोडे झाले. वार्षिक सरासरी म्हणायची तर मानकात आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ मोजमापं सांगितली आहेत. त्यामुळे अहवालात 'वार्षिक मर्यादा ओलांडली' असं वाक्य येणार नाही, हे मॅडमनी आधीच लिहून टाकलं. सेक्रेटरींना ते रुचलं नाही.

सगळ्यात उपयोगी निघाली ती वॉचमनची वही. मिक्सर किती वाजता सुटले, रस्त्यावर टँकरने पाणी मारलं का, कोणी कचरा जाळला का, अशा साध्या नोंदी ठेवायला समाजकार्यच्या बाईंनी दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना सांगितलं होतं. मिक्सरच्या नोंदी चोख होत्या. कचरा आणि शेकोटीचा रकाना कोरा. कडाक्याच्या थंडीत एकही शेकोटी नाही, हे बाईंना खटकलं. त्या रात्रपाळीला जाऊन बसल्या. "काका, शेकोटी कधीच पेटवत नाही का?" तेव्हा कळलं. "ताई, लिहिलं तर उद्या कमिटी म्हणंल, धूर तुम्हीच करता." एजन्सीची नोकरी, महिन्याच्या बोलीवर. मग वही दोन भागांत केली. शेकोटीच्या नोंदी बाई स्वतः घ्यायच्या, नाव न लिहिता, आणि कमिटीला ते पान मिळणार नाही असं सेक्रेटरींकडून लिहून घेतलं. आठवडाभरात पहाटेच्या लाल रंगाचं बरंचसं कोडं सुटलं.

पलीकडच्या वस्तीत बाई प्रश्नावली घेऊन गेल्या तो निर्णयही त्यांचाच. सोसायटीतल्या मुलाखतींपुरतं काम मंजूर झालं होतं. वस्तीत गॅलऱ्या नाहीत, वायफाय नाही, म्हणून सेन्सर तिकडे गेलेच नव्हते. जाळ्याच्या नकाशावर तो भाग मोकळा दिसत होता. मराठवाड्यातून आलेल्या एका बाईंनी त्यांना सांगितलं, "ताई, आमची भाकर कचकचती, ते लिवा की." प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता. तिकडे बरण्या ठेवायचं ठरलं, पण पत्र्यावर ठेवायला जागामालकाने नाही म्हटलं. शेवटी एका अंगणवाडीच्या छपरावर एक बरणी बसली.

काय निष्पन्न झालं

सगळ्यात जास्त धूळ प्लांटच्या सायलोजवळच्या (सिमेंट साठवायच्या उंच टाकीजवळच्या) बरणीत सापडेल असं दोन्ही बाजूंना वाटत होतं. ती सापडली रस्त्याच्या वळणावर. तिथे भरलेले मिक्सर वळताना मागून थोडं काँक्रीट सांडतं, चाकांना लागलेला चिखल पडतो, तो वाळतो, आणि मग येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तो दळून उडवते. त्यात सोसायटीच्या गाड्याही आल्या. वाळलेल्या चिखलाचं आणि त्या बरणीतल्या गाळाचं कॅल्शियम जुळत होतं. ज्या दिवशी कुठे मोठा स्लॅब होता आणि मिक्सरची रांग लागली होती, त्यानंतरच्या दोन दिवसांत गॅलरीत ठेवलेल्या काचपट्ट्यांवर थर वाढलेला दिसायचा. सायलोच्या बॅग फिल्टरमधून (धूळ अडवणाऱ्या कापडी गाळणीतून) काहीच येत नव्हतं असं नाही. त्या बाजूच्या बरणीतही कॅल्शियम होतं, पण मुख्य वाटा रस्त्याचा. अंगणवाडीवरच्या बरणीत गाळ भरपूर निघाला आणि त्यात खडीची धूळ जास्त होती, कारण क्रश सँडचे उघडे ढीग त्याच बाजूला होते. सोसायटीकडून ते ढीग दिसतही नाहीत.

अर्ज नव्याने लिहिला गेला. त्यात 'प्लांट बंद करा' नव्हतं. वळणावरची सांडलवंड, गेटजवळ चाकं धुण्याची सोय नसणं, मागचे उघडे ढीग, आणि कोणत्या वेळी पाहणी केली तर हे दिसेल, एवढंच होतं. सोबत फोटो आणि वॉचमनच्या वहीतल्या मिक्सरच्या नोंदी. पाहणी झाली. पुढे गेटशी चाकं धुण्याचा खड्डा आला, रस्ता ओला करून झाडला जाऊ लागला, ढिगांवर ताडपत्री आली. ती वाऱ्याने अधूनमधून उडालेली असते. वॉचमनच्या खोलीत सोसायटीने हीटर दिला.

सोसायटीतला एक गट अजून नाराज आहे. त्यांना प्लांट हलवून हवा होता आणि कॉलेजने त्यांच्या हाती झाडू दिला, असं ते म्हणतात. म्हणणं अगदीच चूक नाही. दाट वस्तीला खेटून असा प्लांट असावा का, हा नगररचनेचा प्रश्न आहे आणि बरणीत त्याचं उत्तर सापडत नाही.

सुधारणा झाली का? हे सांगणं कठीण गेलं. उपाय झाले उन्हाळ्यात, पाठोपाठ पाऊस आला. पावसात धूळ बसते आणि बरणीत वाहूनही येते, त्यामुळे आधीच्या महिन्यांशी तुलना होत नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागलं. तोवर बी.ई.ची मुलं नोकरीला लागली होती, एम.एस्सी.ची एक मुलगी तेवढी हाताशी होती. आणि वळणासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी पोकलेन उतरला. वळणावरच्या बरणीत कॅल्शियमचा वाटा आदल्या वर्षीपेक्षा कमी निघाला, पण एकूण धूळ कमी झाली नव्हती. मॅडमनी अहवालात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्या आणि 'उपाययोजना यशस्वी' हे वाक्य कॉलेजच्या वार्षिक अंकातून काढायला लावलं.

सरांचा पेपर आला, सेन्सरच्या मर्यादांवरचा. बरण्यांचा भाग अजून छापला गेलेला नाही. एका नियतकालिकाने पद्धत जुनी आहे म्हणून परत पाठवला.

वेगळं काय करता आलं असतं

सूक्ष्मदर्शकाची ती संध्याकाळ सेन्सर विकत घेण्याआधी व्हायला हवी होती, हे उघड आहे. तक्रार धुळीची, तर पहिल्या दिवशी धूळ हातात घेऊन बघायची. पण मी याचा दोष मुलांना देत नाही. आमच्याकडे प्रोजेक्टचा विषय यंत्रापासून सुरू होतो, कारण मंजुरीच्या फॉर्ममध्ये 'वापरायची साधनं' हा रकाना वर आहे आणि 'निष्कर्ष कोण वापरणार' हा रकाना नाहीच.

सोसायटीशी आधी एक पानाचा करार हवा होता : आकडे कोणाचे, कधी आणि कोणत्या स्वरूपात द्यायचे, आणि ते तुमच्या विरुद्ध गेले तरी जाहीर होतील हे मान्य आहे का. शेवटचं कलम आधी वाचून दाखवलं असतं तर कदाचित गच्ची मिळालीच नसती. तेही आधी कळलेलं बरं.

वस्तीचा समावेश एका व्यक्तीच्या जिद्दीवर झाला. आराखड्यात नकाशा काढताना प्लांटभोवती वर्तुळ काढून आत कोण कोण राहतं एवढं मोजलं असतं, तर ती पहिल्या पानावर आली असती. एक बरणी फार थोडी आहे. अंगणवाडीच्या छपरावरून वस्तीबद्दल जे म्हणता येतं ते अंदाजापलीकडे जात नाही, आणि अहवालातही तसंच लिहिलं आहे.

डॅशबोर्ड बंद करण्यावर गटात अजून एकमत नाही. सरांच्या मते तो चालू ठेवायला हवा होता. लोकांना दिलेली माहिती काढून घेतली की संशय वाढतो, आणि तो वाढलाच. मॅडमच्या मते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर रंगीत करून दाखवत राहणं जास्त घातक. मी सरांच्या बाजूला थोडा झुकतो, पण मिनिटामिनिटाचे रंग काढून टाकले असते : चोवीस तासांची सरासरी, शेजारी 'सफर'च्या जवळच्या केंद्राचा त्या दिवसाचा आकडा, आणि आलेखाच्या आतच, तळटीप म्हणून नव्हे, 'यात जाड धूळ मोजलेली नाही' अशी ओळ. ती ओळ कापून स्क्रीनशॉट काढता आला नसता. मॅडम म्हणतात, कापणारे ती ओळही कापतील. पुढच्या बॅचला दुसऱ्या उपनगरात असंच काम मिळालं आहे. तिथे माझ्या सूचनेप्रमाणे पडदा बनवला आहे, आणि त्याची लिंक अजून कोणत्याही ग्रुपवर टाकलेली नाही.